दिसतंय की!

माझी सून डोळ्यांवर संशोधन करते, असं मी गल्लीत पहिल्यांदा सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी चार-पाच जण चष्म्याचा नंबर काढून घ्यायला दारात हजर. एक आजी तर "मोतीबिंदू पिकलाय का अजून कच्चा हाय, तेवढं बगून सांग पोरी," म्हणत थेट स्वयंपाकघरात आल्या. मी सगळ्यांना समजावलं की ती डॉक्टर नाही. म्हणजे होणार आहे, पण त्यातली नाही. मग कसली, याचं उत्तर मलाही धड देता येत नव्हतं. माणसाला रंग दिसतो म्हणजे नेमकं काय होतं, आणि हलणारी वस्तू हलतेय हे त्याला कसं कळतं, यावर तिचा विद्यापीठात प्रबंध चालला होता. यात शोधायचं काय, दिसतं ते दिसतं, असं मला तेव्हा वाटायचं.

आणि मी काही अडाणी नाही. उभा जन्म मी शाळेत चित्रकला शिकवली आहे. अर्धी पेठ माझ्या हाताखालून गेली, त्यामुळे अजूनही मला सगळे 'बाई' म्हणतात. रंग हा माझा प्रांत आहे अशी माझी समजूत होती, आणि कालपरवा घरात आलेली मुलगी मला रंगाबद्दल काही सांगेल हे मानायला मी तयार नव्हते. माझा स्वभाव तापट आहे, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ती जयसिंगपूरची, माहेरी निम्मं बोलणं कानडीत. चिडली की ती कानडीत पुटपुटते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून आमचं दोघींचं छान जमलं.

तिनं मला पहिल्यांदा गप्प केलं ते बंधाऱ्यावर. पावसाळा संपला होता, नदी उतरली होती, तरी बंधाऱ्यावरून पाणी भरपूर पडत होतं. आम्ही दोघी कठड्याला टेकून उभ्या होतो. ती म्हणाली, "आई, पडणाऱ्या पाण्यात एकच जागा धरा आणि तिथंच बघत राहा. डोळे हलवू नका." मी बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाली, "आता त्या दगडी भिंतीकडं बघा."

भिंत वर चालली होती. दगडांची अख्खी भिंत हळूहळू, शांतपणे वर सरकत होती, आणि गंमत म्हणजे जागची हललीही नव्हती. मी कठडा घट्ट धरला. मला वाटलं चक्कर आली. ती हसत म्हणाली, "चक्कर नाही. खाली जाणारं ओळखणाऱ्या पेशी डोक्यात वेगळ्या असतात, वर जाणारं ओळखणाऱ्या वेगळ्या. दोघींची कायम रस्सीखेच चालू असते. तुम्ही एका बाजूला एवढा वेळ राबवलंत की ती दमली. मग दुसरीनं ओढून नेलं."

मी परत पाण्याकडं बघितलं, परत भिंतीकडं. परत वर. तिथं मी लहान पोरीसारखी किती वेळ उभी होते कोण जाणे. आपण जग बघतो ते डोळ्यांत आयतं येऊन पडत नाही, कुणीतरी आत बसून ते सतत बनवत असतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि हे ओळखणारी मुलगी माझ्या घरात भाकऱ्या थापते, याचा मला असा काही अभिमान वाटला, की घरी येताना रिक्षावाल्यालाही मी ते सगळं सांगून टाकलं.

पुढं मी तिला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. वर्गात मी पोरांना सांगायचे, चित्र रंगवण्याआधी समोरच्या वस्तूकडं डोळे बारीक करून बघा, म्हणजे कुठं उजेड आहे आणि कुठं अंधार ते कळेल. मला माझ्या गुरुजींनी सांगितलं, मी पोरांना सांगितलं. का, ते कुणीच विचारलं नाही. ती म्हणाली, "आई, तुमची ती युक्ती फार मोलाची आहे. डोळे बारीक केले की रंग मागं पडतो आणि उजेड-अंधार उठून दिसतो. रंग बघणारी वाट आणि उजेड-अंधार बघणारी वाट डोक्यात बऱ्याच वेगळ्या आहेत. हालचाल ओळखायचं काम मुख्यतः दुसऱ्या वाटेचं. तिला रंगाची फारशी पर्वा नसते."

मग तिनं मला तिच्या प्रबंधाचं मूळ दाखवलं. संगणकाच्या पडद्यावर लाल आणि हिरव्या उभ्या पट्ट्या, एकापुढं एक, रांगेनं डावीकडून उजवीकडं चाललेल्या. शेजारी एक गोल बटण. ते फिरवलं की लालाचा उजेड कमी-जास्त होतो. "फिरवत राहा," ती म्हणाली. मी फिरवत गेले, आणि एका ठिकाणी पट्ट्या मंदावल्या. आणखी किंचित फिरवलं तर थांबल्यासारख्याच झाल्या. रंग लखलखीत दिसत होते, लाल लाल होता, हिरवा हिरवा होता. पण चाल गेली होती. "बंद पडलं तुझं यंत्र," मी म्हणाले. "नाही. ते तसंच चाललंय. तुमच्या डोळ्याला आता लाल आणि हिरवा सारख्याच उजेडाचे झालेत. त्यामुळे चाल ओळखणाऱ्या वाटेला धरायला काही उरलं नाही."

एवढी वर्षं रंगात हात घालून हे मला ठाऊक नव्हतं. मला वाईट नाही वाटलं, उलट हरखून गेले. आपल्या घराच्या मागं आणखी एक खोली आहे आणि आपण ती कधी उघडलीच नव्हती, तसं काहीसं वाटलं.

तिचा प्रश्न असा होता, की माणूस म्हातारा होतो तशी ही चाल ओळखायची ताकद कशी बदलते? फक्त रंगाच्या आधारावर चाल ओळखायची झाली तर साठीतला माणूस किती ओळखतो, सत्तरीतला किती, ऐंशीतला किती? तरुण पोरं टेकडीवरच्या विद्यापीठात ढिगानं मिळाली. म्हातारी माणसं तेवढ्या लांब टेकडीवर यायला तयार नव्हती. त्यातच नातीच्या जन्मात तिची दोन वर्षं गेली होती, विद्यापीठानं मुदत वाढवून दिली होती आणि ही शेवटची वाढ, असं बजावलंही होतं. तेव्हा तिनं ठरवलं, माणसं प्रयोगशाळेत येत नसतील तर प्रयोगशाळा माणसांत न्यायची. आमची माडीवरची खोली रिकामी होती. तिथं अंधार करायचा आणि पेठेतली म्हातारी माणसं बसवायची.

अंधारासाठी काळं कापड लागणार होतं. ते गल्लीच्या मंडळानं दिलं. गणपतीत देखाव्यासाठी वापरतात ते, जाडजूड, एक कवडसा आत येऊ देत नाही असं. मंडळाची पोरं स्वतः येऊन ते ठोकून गेली. मग हनुवटी टेकायला एक लाकडी घोडी सुताराकडून करून घेतली, म्हणजे डोकं हलू नये. खोली अशी तयार झाली, की खाली माणसं विचारायला लागली, "बाई, औंदा देखावा तुमच्या माडीवर व्हय?"

मला वाटलं होतं पहिली मी बसेन. तिनं साफ नकार दिला. घरची माणसं चालत नाहीत म्हणे, घरच्या माणसाला प्रयोगात काय हवंय ते आधीच माहीत असतं. मी दोन दिवस तिच्याशी तुटक बोलले. मग विचार केला, बाहेर बसून चहा करायलाही कुणीतरी लागेलच.

प्रयोग दिसायला सोपा होता. समोर मंद रंगाच्या पट्ट्या क्षणभर दिसायच्या. चालताना दिसल्या तर एक बटण दाबायचं, नाही दिसल्या तर दुसरं. हळूहळू पट्ट्या फिक्या फिक्या होत जायच्या. मधूनमधून काही पडदे फसवे असायचे, त्यांत पट्ट्या जागच्या जागी असायच्या, हलत नसायच्या. हे फसवे पडदे कशाला, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माणूस खरंच बघून सांगतोय का, ते कळायला." आणखी एक शिस्त तिनं स्वतःला घालून घेतली होती. सगळी माणसं होईपर्यंत उत्तरं उघडून बघायची नाहीत. बघितली की मनात आशा-निराशा होते आणि पुढच्या माणसाशी आपण नकळत वेगळं वागतो. ती स्वतः आत थांबायचीही नाही. सगळं समजावून सांगायची आणि दार लावून बाहेर यायची. कुठल्याही शिस्तीचा मला आदर आहे, पण स्वतःच्या कुतूहलाला असं कुलूप लावणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मी तर पार्सल आलं की जिन्यातच फोडते.

आणि माणसं आली. गिरणीवाल्या काकू आल्या, निवृत्त पोस्टमन आले, तालमीतले सगळे जुने गडी आले. त्यांना घेऊन आले ते आबा. आबा म्हणजे आमच्या तालमीचे वस्ताद. ऐंशीच्या घरातले, अजून ताठ, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. पेठेत आबांचा शब्द खाली पडत नाही. जिन्यावरून वर येताना म्हणाले, "बाई, सूनबाईला सांगा, काळजी करायची न्हाय. सगळी तालीम तिच्या मागं हाय." मला भरून आलं. मी त्यांना दुधाचा पेला दिला.

बाहेर आलं की प्रत्येकाच्या तोंडी एकच. "दिसतंय की! एकदम फसकिलास दिसतंय!"

सगळी मंडळी संपली त्या दिवशी दुपारी ती उत्तरं उघडून बसली. मी खाली डाळ निवडत होते. मग वरून कानडीतलं पुटपुटणं ऐकू आलं. मी वर गेले. ती पडद्याकडं बघत बसली होती, चेहरा उतरलेला.

"आई, सगळ्यांनी सगळीकडं 'चालतंय' म्हटलंय."

"मग चांगलंच की."

"फसव्या पडद्यांवरसुद्धा. जिथं काहीच हलत नव्हतं तिथंसुद्धा. पार शेवटपर्यंत. एकही 'नाही' नाही."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी तशीच चप्पल घालून गिरणीत गेले. काकू पिठानं माखलेल्या, जोंधळे ओतत होत्या. मी विचारलं, "काकू, खरं सांगा, वर काय काय दिसलं?" त्या आवाज चढवून, अगदी अभिमानानं म्हणाल्या, "आवो बाई, निम्मं काय दिसलंच न्हाय. पण आबांनी सांगिटलं हुतं न्हवं? पोरीची परीक्षा हाय, शेवटचा चानस हाय, कुणी न्हाय म्हणायचं न्हाय. मी एकदाबी न्हाय म्हणलं न्हाय बगा!"

आता यांना काय म्हणायचं? आमच्या पेठेत कुणाच्या पोराची दहावीची परीक्षा असली की अर्धी गल्ली शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला जाते. कुणाचा गडी कुस्तीला उभा राहिला की सगळी पेठ मैदानात घसा फोडते. आपलं माणूस उभं आहे म्हटल्यावर त्याला निवाड्यावर सोडून गप्प बसणं आमच्या रक्तात नाही. सगळ्यांनी मिळून माझ्या सुनेला पास केलं होतं, आणि तिचं काम मातीत गेलं होतं.

माझं डोकं सणकलं. मी तालमीकडंच निघाले होते, आबांना चार शब्द सुनवायला. ती मागून धावत आली आणि रस्त्यात माझा हात धरला.

"आई, रागवायचं नाही. त्यांनी माझ्यावर माया केली."

"माया? मुदत संपत आलीय तुझी!"

"संपू दे. पण रागवायचं नाही."

संध्याकाळी माझा मुलगा कामावरून आला. सगळं ऐकून म्हणाला, "त्यात काय, ते फसवे पडदे काढून टाक. बाकीचं ठेव. कुणाला कळणार आहे?" माझा मुलगा वाईट नाही, बायकोची काळजी होती त्याला. ती ताटावरून मान वर न करता म्हणाली, "मला कळणार आहे ना." एवढंच. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. मग तिनं आमटी वाढून घेतली. मी तिच्या पानात तुपाची धार जरा जास्तच सोडली, मला दुसरं काही सुचेना.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सगळा प्रयोग नव्यानं मांडायला घेतला. मी शेजारी बसून बघायचे. ती म्हणाली, "चूक माझीही आहे. मी असा प्रश्न विचारला, ज्याचं एक उत्तर या माणसांना देताच येत नाही." आता ती दिसलं का नाही, असं विचारणारच नव्हती. एकापाठोपाठ एक असे दोन पडदे दाखवायचे. त्यातल्या एकात पट्ट्या चालतात, दुसऱ्यात नाहीत. कुठल्यात चालल्या, पहिल्यात का दुसऱ्यात, एवढंच सांगायचं. नाही म्हणायची सोयच नाही.

"पानावरच्या पाहुण्याला मी 'भाकरी वाढू का?' विचारलं तर तो नको म्हणतो," मी म्हणाले. "'भाकरी का चपाती?' विचारलं की मुकाट्यानं एकीचं नाव घेतो."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, "ही रीत मला आधीही ठाऊक होती, आई. पण तिला दुप्पट वेळ लागतो. म्हातारी माणसं दमतील म्हणून मी सोपी रीत घेतली. मीही त्यांच्यावर मायाच केली, दुसरं काय!"

पण आता तीच माणसं पुन्हा बसायला हवी होती, दुप्पट वेळ, आणि हातात दिवस थोडे. त्यासाठी आधी आबांना सांगायला हवं होतं. मी म्हणाले, काहीतरी सांगू, यंत्र बिघडलं म्हणू. ती म्हणाली, खरं तेच सांगायचं.

तालमीच्या आत बायका जात नाहीत. आम्ही दोघी उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलो. आबा कट्ट्यावर बसले होते, भोवती चार जुने गडी. तिनं वाकून नमस्कार केला आणि सरळ सांगून टाकलं. कुठं पट्ट्या हलत नव्हत्या, तिथं सगळ्यांनी काय सांगितलं, आणि त्यामुळे काय झालं. काही लपवलं नाही, काही तिखटमीठ लावलं नाही. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, एवढं नितळ बोलणं क्वचितच ऐकलं असेल.

आबांचा चेहरा तांबडा झाला. "म्हंजे आमी खोटं बोललो?"

"तुम्ही माझ्या बाजूनं बोललात, आबा. पण मला माझ्या बाजूचं नको आहे. तुमच्या डोळ्याला काय दिसतं, तेवढंच हवंय."

"आमी पोरीचं चांगलं कराय गेलतो," आबा शेजारच्या गड्याला म्हणाले, जणू ती समोर नव्हतीच. "आन आमालाच खोटं ठरवाय आली." ते उठले आणि आत गेले. बाकीचे पाठोपाठ गेले. आम्ही तशाच परत आलो.

त्यानंतर कुणी फिरकलं नाही. गिरणीवाल्या काकू दळण देताना माझ्याकडं बघायच्याही नाहीत. आबा रुसले म्हणजे पेठ रुसली. माडीवर काळ्या कापडात ती एकटी बसून राहायची. मी तिला म्हणायचे, दुसऱ्या पेठेत जाऊ, गारगोटीला माझी बहीण आहे, तिथली माणसं आणू. ती म्हणायची, "आणू की. पण आधी इथं थोडं थांबू."

आणि आबा आले. भर दुपारी, एकटे, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. माडीवर न जाता खाली माझ्यासमोर खुर्चीवर बसले.

"बाई, मी इचार केला," ते म्हणाले. "पाठ टेकल्यावर न्हाय टेकली म्हणणारा गडी मी आजवर तालमीत ठिवला न्हाय. मग मीच काय केलं? पोरगी बरोबर बोलली. मला राग आला तो त्याचाच आला." मग आवाज ऐकून खाली आलेल्या सुनेकडं वळून म्हणाले, "सगळ्यास्नी लावून देतो. खरं बोला म्हणून हुकूम सोडतो आजच."

"हुकूम नको, आबा!" ती घाईनं म्हणाली. "हुकूम केलात की परत तेच होईल."

आबा एवढे मोठ्यानं हसले की नात झोपेतून उठली. शेवटी ठरलं ते असं. आबा कुणालाही काही सांगणार नाहीत, फक्त 'जा' म्हणणार. आणि स्वतः सगळ्यात शेवटी बसणार, म्हणजे त्यांचं बघून कुणी काही करायला नको.

पुढचे दिवस आमच्या जिन्यावर पावलांचा आवाज थांबला नाही. माणसं बाहेर येऊन आता फसकिलास म्हणत नव्हती. कुरकुरत होती. "पैलं का दुसरं, पैलं का दुसरं, डोकं उठलं," असं पोस्टमन म्हणाले. काकू म्हणाल्या, "शेवटी तर मला काय कळंना. असंच दाबलं." ती सगळ्यांना "असू दे, चालतंय" म्हणून हात जोडायची. मी चहाऐवजी लिंबूपाणी ठेवलं, दमलेल्या माणसाला ते बरं.

प्रबंध द्यायची मुदत अगदी तोंडावर आली तेव्हा आबांची पाळी आली. ऐंशीच्या घरातली माणसं आधीच थोडी. त्यातले एक वारणानगरला मुलाकडं गेलेले, एक अंथरुणाला खिळलेले. आबांचं काम नीट झालं नाही तर तो अख्खा गट लंगडा राहणार होता, आणि तिच्या प्रश्नाचं सगळ्यात महत्त्वाचं टोक त्या गटातच होतं. नवा माणूस शोधायला आता दिवस नव्हते.

आबा आत गेले. दार लागलं. आम्ही दोघी बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कळलं की ती किती वाळली आहे.

आबा बाहेर आले ते घामाघूम. टोपी हातात. एवढा मोठा माणूस, मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. भिंतीला हात लावून उभे राहिले.

"पोरी, माझं टाकून दे."

"का, आबा?"

"सुरवातीला दिसलं. मग दिसंना. शेवटी तर एकबी दिसलं न्हाय बग. पैलं न्हाय आन दुसरंबी न्हाय. नुसतं अंदाजानं दाबत बसलो. असलं ठिवू नगंस. तुझं वाटोळं झालं माझ्यापायी, पन खोटं नगं ठिवूस."

या माणसानं सबंध आयुष्यात कुणापुढं 'मला जमलं नाही' म्हटलं नसेल. आणि तो ते म्हणत होता नेमकं तेव्हा, जेव्हा त्याच्या एका शब्दावर माझ्या सुनेच्या सगळ्या वर्षांचा निकाल होता. मला आबांचा अभिमान वाटत होता आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम.

ती उठली. "बसा आबा, पाणी घ्या," म्हणाली आणि आत गेली. आबा शेवटचेच होते, त्यामुळे तिच्या शिस्तीप्रमाणे आता उत्तरं उघडायला तिला मोकळीक होती. दार उघडंच राहिलं. काळ्या कापडांतून तिचा चेहरा पडद्याच्या उजेडात दिसत होता. ती बघत होती. परत बघत होती. मग तिनं तोंडावर पदर धरला.

"काय झालं गं?" मी ओरडले.

ती बाहेर आली तेव्हा तिचे गाल ओले होते आणि ती हसत होती. आबांसमोर खाली बसली, गुडघ्यांवर.

"आबा, नुसता अंदाज असता तर निम्मे बरोबर आले असते आणि निम्मे चुकले असते. नाणं उडवल्यासारखं. ज्या पडद्यांवर तुम्ही म्हणता काहीच दिसलं नाही, तिथं तुमचे निम्म्याहून कितीतरी जास्त बरोबर आलेत."

आबा तिच्याकडं बघत राहिले. "म्हंजे?"

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं. दिसतंय हे तुम्हाला कळत नव्हतं. तुमच्या डोळ्यानं चाल ओळखली होती, तुमच्यापर्यंत फक्त निरोप आला नाही. माणसात असं होतं हे आम्ही पुस्तकांत वाचतो. पण आपल्या समोर..." तिनं आत पडद्याकडं बोट केलं. मग म्हणाली, "यातलं मी काही टाकणार नाही. हेच मला हवं होतं."

खाली नात काहीतरी बडबडत होती. गल्लीतून कुणीतरी फटफटी चालू करत होतं. आबांनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. डोळ्यांवरून हात फिरवला, एकदा डाव्या, एकदा उजव्या, आपलंच काहीतरी पहिल्यांदा चाचपून बघावं तसं. ऐंशी वर्षं हे डोळे त्यांनी वापरले होते. समोरचा गडी कुठल्या अंगानं येणार, ते ओळखण्यात हयात गेली होती.

मग ते भिंतीला धरून उठले. मला वाटलं, जिन्याकडं निघाले. ते दाराकडं वळले, काळं कापड बाजूला केलं आणि आत जाऊन हनुवटी पुन्हा त्या घोडीवर टेकवली.

"लाव पोरी," आतून म्हणाले. "तुझ्यासाठी न्हाय आता. माझं मलाच बगायचंय, आनखी काय काय दिसतंय ते."

तिनं डोळे पुसले आणि यंत्र चालू करायला आत गेली.